बेसिनमध्ये ओतलेले दोन कप

पेपरमधला ‘मेथड्स’चा भाग नेमका कसा वाचायचा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आज त्यावरच लिहितेय, पण सुरुवात कॉफीच्या दुकानातून करते. कारण मला स्वतःला हा भाग वाचायचं भान तिथे आलं, तेही पीएचडीच्या चौथ्या वर्षी. उशीरच झाला म्हणायचा.

गेल्या वर्षी इटलीतल्या त्रिएस्तेला दोन आठवड्यांच्या एका स्कूलसाठी गेले होते. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र सुरू केलं, तेच आयसीटीपी. आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांना एकटं पडल्यासारखं होऊ नये, हा त्यामागचा विचार. (अर्ज करायचा कंटाळा करू नका. तिथल्या बहुतेक स्कूलना नोंदणी शुल्क नसतं आणि काहींना प्रवासखर्चही मिळतो. ‘आपण जळगावचे, आपल्याला कोण घेणार’ हे वाक्य मी दोन वर्षं घोकलं. फुकट गेली ती दोन वर्षं.)

त्रिएस्ते हे कॉफीचं गाव आहे. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने इथलं बंदर खुलं केलं, तेव्हापासून व्यापार वाढत गेला आणि त्यात कॉफीची पोतीही आली. इली ही कंपनी १९३३ मध्ये इथेच सुरू झाली. गावाची कॉफीची भाषासुद्धा स्वतःची आहे: एस्प्रेसो हवी तर ‘नेरो’ म्हणायचं, थोडं दूध घातलेली हवी तर ‘कापो’, आणि तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी तर ‘कापो इन बी’. लोक काउंटरला उभ्याउभ्या पितात आणि निघतात. आपल्या बसस्टँडवरच्या कटिंगसारखंच. आणि भारतीय कॉफीच्या मोठ्या खरेदीदारांत इटली कित्येक वर्षं वरच्या क्रमांकावर आहे, त्यामुळे त्या कपातलं काहीतरी चिकमगळूर-कोडगूकडून माझ्याआधीच तिथे पोचलेलं असण्याची शक्यता बरीच होती.

रविवारी सुट्टी होती. गेस्टहाऊसचा नाश्ता सोडून गावात गेले आणि मुद्दाम त्या जुन्या पद्धतीच्या बारमध्ये न जाता एका ‘स्पेशालिटी’ कॅफेत शिरले. हा शब्द एर्ना क्नुटसेन या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये रूढ केला. आता त्याला मोजमापही आहे: जाणकारांनी चाखून १०० पैकी किमान ८० गुण दिले तर ती कॉफी स्पेशालिटी. मी एस्प्रेसो आणि जर्दाळूचा जॅम भरलेला ब्रिओश मागितला. सकाळीसकाळी गोड खाण्याचं मला काही वाटलं नाही. पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या गावात वाढलेय.

कपासोबत एक जाड कागदाचं कार्ड आलं. त्यावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची, आणि खाली: १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅम पेय, २८ सेकंद, ९३ अंश. त्याखाली तीन शब्द: मध, जर्दाळू, पिकलं केळं.

मी खूश झाले. चारही आकडे दिलेत, एकक दिलंय, म्हणजे हा मेथड्स सेक्शनच की! कुणीही हे वाचून तीच कॉफी करून दाखवावी. फक्त एक गोष्ट मी कार्ड येण्याच्या आधी पाहिली होती. माझी ऑर्डर घेतल्यावर बरिस्ताने दोन कप काढले, दोन्ही बेसिनमध्ये ओतले आणि तिसरा माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, त्या दोघांचं काय बिघडलं होतं? तो हसून म्हणाला, पहिला १९ सेकंदांतच धावला, दुसरा ४० सेकंदांनंतरही थेंबथेंब चालला होता. सकाळी दळणयंत्र लावून घेताना असं होतंच. माणूस प्रामाणिक होता, कामात तरबेज होता. पण त्या दोन कपांबद्दल कार्डावर एक अक्षर नव्हतं.

तर आता हे कार्ड आपण पेपर तपासतो तसं तपासू.

आकड्यांपासून सुरू करते. १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम पेय निघालं, ठीक. पण पावडरीतलं किती विरघळून कपात उतरलं? साखर कारखान्यात साखर उतारा काढतात, तसा कॉफीचाही उतारा काढतात. पेयात विरघळलेले पदार्थ समजा १० टक्के असतील, तर ३६ चे १० टक्के म्हणजे ३.६ ग्रॅम, भागिले १८, म्हणजे उतारा २० टक्के. १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी अमेरिकेत जो तक्ता केला, त्यात १८ ते २२ टक्के उतारा चांगला मानला होता, आणि तोच पट्टा अजून वापरतात. (तो तक्ता साध्या गाळलेल्या कॉफीसाठी होता, एस्प्रेसोसाठी नव्हे. एका पद्धतीचा नियम दुसरीला कधी चिकटला हे बऱ्याचदा कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या विषयात असे नियम शोधून पाहा, हमखास सापडतील.) कार्डावर घातलेलं आणि निघालेलं वजन आहे, पण ज्यावरून कप कळेल तो उतारा नाही. म्हणजे जे मोजायला सोपं ते छापलं, जे महत्त्वाचं ते नाही. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही, माझ्या पहिल्या पोस्टरवर मीही तेच केलं होतं.

९३ अंशांचं काय? २०२० मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये बताली, रिस्टेनपार्ट आणि ग्विनार्ड यांचा पेपर आला. त्यांनी ८७, ९० आणि ९३ अंशांना कॉफी केली, पण कपाची तीव्रता आणि उतारा मुद्दाम सारखा ठेवला. मग प्रशिक्षित चाखणाऱ्यांना तापमानाचा फरक जवळजवळ जाणवला नाही. म्हणजे तापमान निरुपयोगी का? नाही. तापमानाचा जो परिणाम आपल्याला वाटतो तो बहुतेक उताऱ्यामार्फत होतो, एवढंच यातून निघतं. आणि हाही पेपर ड्रिप कॉफीचा आहे, त्यामुळे तो उचलून बरिस्ताच्या डोक्यात मारायची मला मुभा नाही. मोह झाला होता, खरं सांगते.

आता केळं.

मी यावल तालुक्यातली. आमच्या घरी केळी आहे, आजोबांच्या आधीपासून. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कागदावर; आम्हाला त्याचा वास पोटात असल्यापासून माहीत. वेफर्ससाठी नेतात ते हिरवं केळं, चेंबरमधून निघालेलं पिवळंधमक केळं, शेतातच घडावर पिकून फुटलेलं केळं, या तिघांचा वास तीन तऱ्हेचा असतो. बीएस्सीला आयसोअमाइल ॲसिटेट बनवताना अख्ख्या प्रयोगशाळेत केळ्याचा वास सुटला होता, तो चौथा, आणि माझ्या मते खोटा. मग कार्डावरचं केळं यातलं कोणतं?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. कॉफीच्या चवींचं एक गोल चक्र आहे, १९९५ मध्ये केलेलं आणि २०१६ मध्ये नव्याने बांधलेलं. त्यामागे एक शब्दकोशही आहे, ज्यात प्रत्येक चवीसाठी संदर्भ म्हणून एखादा पदार्थ नेमून दिलाय. ही कल्पना मला मनापासून आवडते. ‘फळासारखी’ म्हणण्यापेक्षा ‘या पदार्थाइतकी’ म्हणणं हे खरं शास्त्र. पण संदर्भाचे पदार्थ बरेचसे अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारे आहेत. ज्याने ब्लूबेरी कधी खाल्लीच नाही त्याला ‘ब्लूबेरी’ लागत नाही, आणि मग त्याला वाटतं आपलीच जीभ गावंढळ. मला पहिले दहा मिनिटं अगदी तसंच वाटलं. सेमिनारमध्ये मागच्या बाकावर बसून ‘सगळ्यांना कळलंय, मलाच नाही’ असं वाटतं ना, तेच. तर ते वाटणं आणि जीभ यांचा काही संबंध नाही. मोजपट्टी कुठे तयार झाली, हे आधी विचारायचं.

पण माझ्याही साक्षीला किंमत नाही, आणि हे जास्त महत्त्वाचं. कारण मला केळं लागलं! दुसऱ्या घोटाला स्पष्ट लागलं. फक्त मी कार्ड आधी वाचलं होतं. वाचल्यावर लागलेलं केळं कॉफीतलं की कार्डातलं, हे मी कसं सांगणार? कार्ड नंतर दिलं असतं तर काहीतरी कळलं असतं. कॅफेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच: निष्कर्ष आधी वाचायला देऊन मग प्रयोग करायला लावतात.

यावर उपाय सोपा आहे, त्रिकोण चाचणी. तीन कप ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा; वेगळा ओळखायचा. नुसता अंदाज मारला तर तीनात एकदा बरोबर येतं. पाच फेऱ्या केल्या आणि पाचही बरोबर आल्या, तर ते नशिबाने होण्याची शक्यता २४३ मध्ये १. घरी आल्यावर मी हे आईवर करून पाहिलं, कॉफीऐवजी कोऱ्या चहावर: बोअरच्या पाण्याचा चहा आणि आरओच्या पाण्याचा चहा. ती नेहमी म्हणते की आरओच्या चहाला चव नाही. आईने पाचपैकी पाच ओळखले. मी उड्या मारल्या. मग ती शांतपणे म्हणाली, ‘‘अगं, बोअरच्या चहावर साय धरते, दिसतं ना ते.’’

बरोबर होतं तिचं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यामुळे चहावर ती तेलकट चमकती साय येते. स्पायरो आणि जगान्यी यांनी १९९३ मध्ये नेचरमध्ये त्यावर लिहिलंय. म्हणजे आईने चाखलंच नव्हतं, पाहिलं होतं. डोळे मिटायला लावून पुन्हा केलं तर पाचपैकी तीन. तीन किंवा जास्त बरोबर येणं हे नुसत्या अंदाजानेही २४३ मध्ये ५१ वेळा होतं, म्हणजे साधारण २१ टक्के. यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना आईच्या बाजूने ना विरुद्ध. आईचं मत अर्थातच बदललेलं नाही.

आता बेसिनकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

माझा पीएचडीचा विषय म्हणजे वाळूतून वाहणारं पाणी. तापीच्या गाळात बोअरचं पाणी कसं मुरतं आणि कुठून वाट काढतं, याचं छोटं रूप मी प्रयोगशाळेत करते: ॲक्रिलिकच्या नळीत वाळू भरायची, वरून पाणी सोडायचं, किती वेळात किती पाणी खाली येतं ते मोजायचं. आंरी दार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना हेच केलं आणि १८५६ मध्ये आपला नियम छापला: दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त, थर जितका जाड तितका प्रवाह कमी. एस्प्रेसो हेच आहे, फक्त वाळूच्या जागी कॉफी. दाब ९ बार, म्हणजे सुमारे ९० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा, आणि थर जेमतेम दीड सेंटिमीटरचा. कण निम्मे केले तर पाणी जाऊ देण्याची क्षमता चौपटीने घटते, ढोबळमानाने. म्हणून दळण जरा इकडेतिकडे झालं की १९ सेकंद नाहीतर ४०.

२०२० च्या जानेवारीत मॅटर या नियतकालिकात मायकेल कॅमेरॉन, विल्यम ली, जेमी फॉस्टर, क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा एस्प्रेसोवरचा पेपर आला. तुम्ही रसायनाचे असा, भौतिकीचे असा नाहीतर गणिताचे, हा पेपर वाचाच. त्यांच्या गणिती मॉडेलनुसार दळण जितकं बारीक तितका उतारा जास्त यायला हवा. साधी गोष्ट आहे, कण बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त. प्रत्यक्षात एका टप्प्यापर्यंत तसंच झालं, आणि त्यापुढे बारीक दळल्यावर उतारा उलट घसरला. शिवाय त्याच दळणाचे, त्याच वजनाचे कप एकमेकांपासून फार वेगळे यायला लागले.

इथे त्यांनी जे केलं ते पाहा. फार वेगळे येणारे कप त्यांनी ‘खराब’ म्हणून ओतून दिले नाहीत. तो विखुरलेपणा आलेखावर ठेवला आणि त्यालाच प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं की अति बारीक दळणात पाणी सगळीकडून सारखं जात नाही. काही भागातून धावतं, काही भाग कोरडाच राहतो. शेतात पाट फुटल्यावर होतं तेच. मग त्यांचा सल्ला: जरा जाडसर दळा, कॉफी २० ग्रॅमऐवजी १५ घाला. उतारा तेवढाच मिळतो आणि कप दरवेळी सारखा येतो.

पेपर चांगला आहे म्हणून त्यावर टीका करायची नाही असं थोडंच आहे. मला त्यात तीन ठिकाणी अडखळायला झालं. पहिलं, पाण्याची असमान वाट त्यांनी पाहिलेली नाही, उताऱ्याच्या आकड्यांवरून तिचा अंदाज बांधलाय. दुसरं, मोजलाय तो उतारा, चव नव्हे. दोन कपांचा उतारा सारखा म्हणजे चव सारखी, हे वेगळं दाखवावं लागेल. एकात सगळीकडून २० टक्के उतरलं आणि दुसऱ्यात अर्ध्या भागातून ३० आणि अर्ध्यातून १०, तरी सरासरी २० च येते! तिसरं म्हणजे पैसे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात युजीन इथल्या एका कॅफेत ही पद्धत वापरून कपामागे १३ सेंट वाचले, आणि तिथून थेट अख्ख्या देशाची वर्षाची सुमारे १.१ अब्ज डॉलरची बचत. एका कॅफेवरून एवढी उडी! बातम्यांनी अर्थातच तोच आकडा उचलला. आमच्या गावात एका शेतकऱ्याचा घड ३० किलोचा भरला म्हणून तालुक्याचं उत्पन्न कुणी त्या हिशोबाने सांगितलं, तर पारावर बसलेले लोकसुद्धा हसतील.

पहिल्या आक्षेपावर मात्र पुढे काम झालंय. २०२३ मध्ये विल्यम ली यांनीच स्मिथ आणि अर्शद यांच्यासोबत फिजिक्स ऑफ फ्लुइड्समध्ये एक छोटं मॉडेल मांडलं. कॉफीच्या थरात फक्त दोन वाटा कल्पायच्या, एक किंचित मोकळी, एक किंचित दाट. मोकळ्या वाटेतून पाणी जास्त जातं, म्हणून तिथली कॉफी जास्त विरघळते, म्हणून ती वाट आणखी मोकळी होते, म्हणून पाणी आणखी जास्त. सुरुवातीचा बारीकसा फरक वाढत जातो आणि उतारा घसरतो. आधीच्या पेपरमध्ये जे ‘असं असावं’ होतं, त्यावर हा पुढचा पेपर उभा राहिला. विषय कुठून मिळतो म्हणून विचारता ना? असा मिळतो.

त्रिएस्तेच्या त्या काउंटरवर मला हे दोन्ही पेपर पूर्ण माहीत नव्हते, पहिला वरवर चाळलेला होता. पण दोन कप बेसिनमध्ये जाताना पाहिले आणि ब्रिओश घशाखाली उतरेना. कारण माझ्या वहीत ३० नळ्यांच्या नोंदी होत्या आणि प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात २३ नळ्यांचा आलेख होता. उरलेल्या सात मी सोडून दिल्या होत्या. कारण: ‘भरणी खराब’. विभागातल्या सीनियरने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, खराब रन धरायचा नसतो. मेथड्समध्ये मी नळीचा व्यास, वाळूचे तीन प्रकार, पाण्याची उंची, तापमान सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. अगदी त्या जाड कागदाच्या कार्डासारखं.

गेस्टहाऊसवर परत येऊन लॅपटॉप उघडला. जाड, मध्यम, बारीक, प्रत्येक प्रकारच्या दहा नळ्या. सोडलेल्या सातपैकी एक मध्यम वाळूची होती, सहा बारीक वाळूच्या. जाड वाळूची एकही नव्हती. म्हणजे बारीक वाळूचा जो सुंदर, घट्ट आलेख मी पोस्टरवर मिरवला, तो दहातल्या चारांचा होता. सगळ्याच भरण्या मी एकाच हाताने केल्या होत्या. हात खराब असता तर तिन्ही वाळूंना सारखाच खराब असायला हवा होता.

वाळू कॉफीसारखी विरघळत नाही, त्यामुळे ली यांचं मॉडेल माझ्या नळीला जसंच्या तसं लागू नाही. माझ्याकडे बहुधा बारीक कण वाहून जाऊन वाट मोकळी होते, ठिबकच्या नळीत क्षार बसून वाट बंद होते त्याच्या उलट. बहुधा म्हणतेय, कारण मी अजून ते पाहिलेलं नाही. आता पाण्यात रंग सोडून पाहायचं ठरलंय.

परत आल्यावर सगळे बिंदू घालून आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, रागावले नाहीत. मोजून म्हणाले, ‘‘हे २८ आहेत. दोन कुठे गेल्या?’’ त्या दोन नळ्यांचे आकडे मी लिहिलेच नव्हते, पाणी भलतीकडून यायला लागल्यावर मधेच बंद केल्या होत्या. वहीत तारीख आहे आणि पुढे एकच शब्द: खराब.

त्या दोन्ही सोमवारी पुन्हा भरतेय.